घंगाळातला सेनेका

८ जून

ठरलं एकदाचं. सतराव्या शतकातल्या अँटवर्पच्या चित्रकाराचं, रूबेन्सचं, 'सेनेकाचा मृत्यू'. सेनेका म्हणजे रोमन तत्त्वज्ञ.

मूळ चित्र म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक या चित्रसंग्रहालयात आहे. ओकच्या फळीवर तैलरंग, उंची साधारण १८५ सेंटिमीटर, रुंदी १५५, काळ १६१२-१३च्या आसपासचा. मी बरोबर अर्ध्या मापाची प्रतिकृती करणार, ९२ बाय ७७. आधी मनात देशियस मुसच्या मालिकेतला एखादा प्रसंग होता. रोमन सेनापती सैन्याच्या विजयासाठी स्वतःचा बळी देतो, त्या कथेवरची रूबेन्सची १६१६-१७ची ती प्रचंड चित्रं लिश्टेनस्टाइन संग्रहात आहेत. पण त्यांत घोडे आहेत. घोडा मला कधीच जमला नाही आणि या वयात त्याच्यासाठी पावसाळा घालवायची इच्छा नाही.

सेनेकाच्या चित्रात घोडा नाही. एक म्हातारा आहे, पांढरं फडकं कमरेला गुंडाळलेला, धातूच्या एका पसरट पात्रात उभा. वैद्य त्याच्या हाताची शीर उघडतोय. खाली बसलेला एक तरुण लेखनिक तोंडाकडे बघत त्याचं बोलणं टिपून घेतोय. मागे चिलखतातले शिपाई. बाकी सगळा अंधार. म्हातारा वर बघतोय, ओठ किंचित उघडे.

मला यात काय हवंय ते आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे मध्येच भरकटले तर परत येता येईल: मला ती कातडी हवी आहे. चाळीस वर्षांपूर्वी मी चित्रकला शिकले ती प्लास्टरच्या पुतळ्यांवरून. आधी प्लास्टरचं नाक, मग प्लास्टरचा कान, मग अख्खं डोकं. छाया-प्रकाश पक्का झाला, हात बसला. पण माझ्या प्रत्येक माणसात तेव्हापासून थोडंसं प्लास्टर उरलंय. आणि रूबेन्सने हा सेनेका चक्क एका दगडी पुतळ्यावरून काढलाय. तरी तो दगड वाटत नाही. कसं केलं त्याने, एवढंच बघायचंय.

१४ जून

फळी. ओक इथे कुठून आणणार? सागवान तेलकट, त्यावर खडूचा थर धरत नाही असा अनुभव आहे. मिस्त्रींशी बोलून १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय घेतला, मागून उभे-आडवे बत्ते मारून घेतले. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, भिंतीला लावायचं चित्र आहे का दार करताय?" अर्ध्या कोल्हापुरात दमट हवेने प्लायचं केळं होतं, म्हणून हा खटाटोप.

रूबेन्सच्या अँटवर्पमध्ये फळी करणारा सुतार वेगळा आणि चित्रकार वेगळा. दोघेही सेंट ल्यूकच्या, म्हणजे चित्रकारांच्या, संघाच्या अखत्यारीत. १६१७ साली तर नियम काढून फळी करणाऱ्यांना बांधून टाकलं: तपासणी होऊन मागच्या बाजूला शहराचा शिक्का, म्हणजे किल्ला आणि दोन हात, उमटल्याशिवाय फळी बाहेर जायची नाही. रूबेन्सच्या फळ्या बहुतेक वेळा अनेक पाट्या जोडून केलेल्या असतात. काम करता करता चित्र वाढलं की तो खुशाल बाजूला आणखी पाटी जोडून घ्यायचा. मला माझा प्लाय वाढवता येणार नाही. मिस्त्रींना तसं सुचवलं तर ते घरी येणंच बंद करतील.

१९ ते २३ जून

खडू आणि सरस. रात्री सरस भिजत घातला, सकाळी पातेल्यात पातेलं ठेवून मंद आचेवर विरघळवला. उकळी येऊ द्यायची नाही, उकळला की त्याची ताकद जाते. त्यात चाळलेली खडूची पूड. ढवळायचं अगदी हळू, बासुंदी ढवळतो तसं. जोरात ढवळलं की हवा शिरते आणि मग वाळताना टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात.

पडली. दुसऱ्या थरालाच. शाळेतून घाईत आले होते, पातेलं गरम करून भराभर हात चालवला. सबंध फळीभर भोकं, देवी आल्यासारखी. पॉलिशपेपरने उतरवून पुन्हा पहिल्यापासून. शिवाय उरलेल्या सरसाला दोन दिवसांत बुरशी आणि असा वास की घरातून जाहीर निषेध झाला. मुलीने दप्तर उचललं आणि अभ्यासाला शेजारी गेली. आता सरस रोज लागेल तेवढाच करायचा.

एकूण सात थर झाले. शेवटचा घासून हस्तिदंतासारखा गुळगुळीत. हात फिरवत बसावंसं वाटतं.

२५ जून

आता त्या सुंदर पांढऱ्यावर घाण करायची. रूबेन्सच्या फळ्यांवरची ही खूण ओळखीची आहे: पांढऱ्यावर पातळ करडा-तपकिरी रंग, रुंद राठ ब्रशने ओढलेला आणि मुद्दामच एकसारखा न केलेला. फराटे तसेच दिसतात. पातळ रंगवलेल्या सावल्यांत ते चारशे वर्षांनंतरही दिसतात. मी अंबर (मातीचा गडद तपकिरी रंग), थोडा काळा आणि कणभर पांढरा पातळ सरसात कालवला आणि डोळे मिटून ओढला. शेणाने सारवताना बोटांचे जे पट्टे उमटतात, हुबेहूब तसंच दिसतंय.

याचा उपयोग काय ते लगेच कळलं. पांढऱ्या फळीवर कुठलाही रंग लावला की तो गडदच दिसतो. करड्यावर मात्र तुम्ही उजेडाकडेही जाऊ शकता आणि अंधाराकडेही. मधला टप्पा आधीच तयार असतो.

२९ जून

चौकटी आखून खाका उतरवला. चौकटी पाहून हे म्हणाले, "सिनेमाचं बॅनर काय?" तसंच. आमच्या गावात बॅनर रंगवणाऱ्यांनी याच चौकटींवर वीस-वीस फुटी चेहरे चढवले. मी तर ७७ सेंटिमीटरवर आहे.

५ जुलै

पाऊस मुसळधार, पंचगंगा चढतेय, शाळा लवकर सुटली. रंगाला हात लावला नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस वाचत बसले, इंग्रजी भाषांतर.

इसवी सन ६५. सम्राट नीरोला मारायचा पिसोचा कट उघडकीला आला. सेनेका नीरोचा जुना गुरू, त्याचंही नाव गोवलं गेलं. तो रोमपासून चौथ्या मैलावरच्या घरात जेवायला बसला असताना ट्रिब्यून, म्हणजे लष्करी अधिकारी, शिपाई घेऊन आला. सेनेकाने मृत्युपत्र मागवलं, ते नाकारलं. मग तो मित्रांना म्हणाला, देण्यासारखं उरलंय ते माझ्या आयुष्याचं चित्र, तेच तुम्हाला ठेवून जातो. बायको पाउलिना, तिनेही बरोबर मरायचा हट्ट धरला. दोघांनी हाताच्या शिरा कापल्या. पण सेनेकाचं शरीर म्हातारपणाने आणि कमी खाण्याने सुकलेलं, रक्त वाहीना. मग पायाच्या, गुडघ्यामागच्या शिरा. वेदना बायकोला बघवू नयेत म्हणून तिला दुसऱ्या खोलीत पाठवलं आणि लेखनिकांना बोलावून मजकूर सांगायला सुरुवात केली. तरीही मरण येईना. वैद्य मित्र स्टेटियस अन्नियसकडून विष घेतलं, तेही सॉक्रेटिसने घेतलं होतं तसलंच. हातपाय गार पडलेले, विष चढलं नाही. मग गरम पाण्यात उतरला, जवळच्या गुलामांवर पाणी शिंपडलं आणि म्हणाला, हे मुक्तिदात्या ज्युपिटरला अर्घ्य. शेवटी वाफेच्या खोलीत नेलं तिथे गुदमरून गेला. पाउलिनाला मात्र नीरोच्या हुकमावरून हात बांधून वाचवलं. ती पुढे काही वर्षं जगली, पांढरीफटक.

तासन् तास रेंगाळलेलं मरण. रूबेन्सने सगळे टप्पे एका क्षणात आणले: शीर, मजकूर, पाणी. पाउलिनाला गाळलं. लेखनिकाच्या पानावर 'VIR' एवढीच अक्षरं दिसतात. रोमन लिपीतली ती तीन अक्षरं देवनागरीत 'व्हिर' अशी लिहावी लागतील, आणि पुढचा शब्द 'व्हिर्टुस', म्हणजे सद्गुण, शौर्य, मर्दपणा, सगळंच. शब्द पुरा व्हायच्या आत चित्र थांबतं. माझ्या मापात ती अक्षरं तांदळाच्या दाण्याएवढी येतील.

एक गोष्ट खटकत राहिली. टॅसिटसचा सेनेका वाळलेला. रूबेन्सचा सेनेका छाती-दंडाने भरलेला, पिंडऱ्या दोरखंडासारख्या. लॅटिन अस्खलित वाचणाऱ्या माणसाने ते वाक्य वाचलं नसेल असं नाही.

६ जुलै

याचं उत्तर पुतळ्यात आहे. रोममध्ये बोर्गेझे घराण्याच्या संग्रहात काळ्या संगमरवराचा एक म्हातारा होता: वाकलेला, उघडा, डोळे विस्फारलेले. गुडघ्याखालचे पाय तुटलेले. डागडुजी करणाऱ्याने तुटके पाय लपवायला त्याला एका पात्रात उभं केलं, आणि पात्रात उभा म्हातारा म्हणजे स्नानात मरणारा सेनेका, असं नाव पडलं. रूबेन्सने रोममध्ये असताना त्याची रेखाटनं केली. आज तो पॅरिसच्या लुव्ह्र संग्रहालयात आहे आणि आता सगळ्यांना माहीत आहे की तो सेनेका नव्हेच. तो एक म्हातारा कोळी, मासे धरणारा.

आणि डोकं? ते दुसऱ्याचंच. विस्कटलेले केस, खोल गाल असलेला एक प्राचीन अर्धपुतळा सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून सेनेका म्हणून ओळखला जायचा. रूबेन्सकडे त्याची एक संगमरवरी प्रत होती आणि तिच्यावर त्याचा जीव होता. १८१३ साली रोममध्ये दोन तोंडांचा एक पुतळा सापडला, एका बाजूला सॉक्रेटिस, दुसऱ्या बाजूला नाव कोरलेला खरा सेनेका. टकला, गुबगुबीत, दोन हनुवट्यांचा. बँकेतून निवृत्त झालेले साहेब दिसतात ना, तसा.

म्हणजे कोळ्याचं धड, भलत्याचं डोकं, आणि मरण मात्र टॅसिटसकडून. हसू येतं. पण हसून झाल्यावर चित्राकडे पाहिलं की हसू टिकत नाही.

१३ जुलै

अडचण. तीन आठवड्यांपूर्वी सरावाला काचेवर लावलेला रंग अजून चिकट. बोट लावलं की ठसा. एका दुकानातून सुटं जवसाचं तेल आणलं होतं, चित्रकलेसाठी म्हणूनच सांगून. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला होता, शुद्ध. जवसाचं तेल पातळ लावलं तर पावसाळ्यातही आठवडाभरात सुकायला हवं. यात न सुकणारं दुसरं काहीतरी मिसळलंय. नशीब, फळीवर अजून थेंबही गेला नव्हता. पूर्ण बाटली दाराच्या बिजागऱ्यांना बहाल. नवीन तेल पुण्याहून मागवलं, येताच काचेवर तपासणार.

चटणीसाठी घरात जवस आहेच. आईने सुचवलं, घाण्यावर काढून आण. मोह झाला, पण न शुद्ध केलेलं तेल पुढे पिवळं पडतं. कातडीवर पिवळेपणा नको.

पांढऱ्याचाही प्रश्न. त्या काळी एकच पांढरा, शिशाचा. तो किंचित पारदर्शक, लवचीक, पटकन सुकणारा. पण विषारी, आणि घरात सहा वर्षांची पोर आहे, सगळीकडे बोटं घालणारी. म्हणून टायटॅनियम, आणि त्याचा जाडपणा मोडायला त्यात खडूची पूड. हिंगूळही नाही, त्याच्या जागी कॅडमियम लाल. गडद लाल मात्र पारदर्शकच हवा. इंग्रजीत अशा रंगांना 'लेक' म्हणतात आणि तो शब्द आपल्या लाखेवरून गेलाय. अळत्याची लाख जहाजांतून युरोपात पोचायची.

पिवळ्याची गोष्ट सगळ्यांत मजेशीर. शिसं आणि कथलाचा तो फिका पिवळा रूबेन्सच्या काळी सगळे सर्रास वापरायचे. अठराव्या शतकात तो वापरातून गेला आणि नंतर लोक विसरूनच गेले की असा रंग होता. १९४०च्या सुमारास म्युनिकच्याच डोर्नर संस्थेत रिचर्ड याकोबी जुन्या चित्रांचे कण तपासत होता. त्याला पिवळ्यात कथील सापडलं, तेव्हा तो परत उजेडात आला.

२० जुलै

पहिला रंगाचा हात सबंध चित्रावर पूर्ण. नवीन तेल चांगलं निघालं. अंधार छान, शिपायांचं चिलखत सहज जमलं, वैद्याचा झगाही. आणि मधोमध उभा आहे प्लास्टरचा सेनेका! अगदी वर्गातला. रंग कातडीचे, माणूस चुन्याचा.

रूबेन्सने पुतळ्यांवरून शिकण्याबद्दल लॅटिनमध्ये लहानसं टिपण लिहिलं होतं. ते त्याच्या मृत्यूनंतर १७०८ साली फ्रेंच लेखक रॉजर द पील याने छापलं. त्यातला मुद्दा असा की पुतळ्यांवरून जरूर शिका, पण चित्राला दगडाचा वास येता कामा नये. दगडाच्या सावल्या कडक असतात, कातडीला सुरकुत्या असतात, ती हलते, दाबली जाते, उजेड आत घेते. पुतळ्याच्या नादी लागून अनेकांनी माणसाऐवजी रंगवलेला संगमरवरच काढला, असं तो बजावतो. मला नाव घेऊन बजावल्यासारखं वाटलं.

२६ जुलै

मामांना बोलावलं.

मामा एकाहत्तर वर्षांचे. तरुणपणी तालमीत, नंतर एसटीत ड्रायव्हर. कान मोडलेले आहेत, पैलवानाचे असतात तसे. छाती अजून रुंद, पण वरची कातडी सैल होऊन खाली आलेली; दंडाचा गोळा शाबूत, त्याखाली झोळी. चार दिवसांपूर्वी पिंडाला कावळा शिवावा तसं एकदम सुचलं की हाच तो! वाळलेला म्हातारा नव्हे, एकेकाळी कमावलेलं आणि आता उतरलेलं शरीर. रूबेन्सच्या सेनेकाचं कोडं मला लुव्ह्रमध्ये नाही, मामांच्या बनियनमध्ये सुटलं.

माळ्यावरून तांब्याचं घंगाळ काढलं. मामांनी आधी मोबाईलवर मूळ चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काय गं, ह्यो बाबा घंगाळात हुबा ऱ्हाऊन करतोय काय? अंघोळ म्हणावी तर कुणी पाणी घालंना. लंगोट म्हणावा तर आखाडा न्हाई."

"मामा, त्यांना राजाचा हुकूम आलाय. मरायचा."

"आणि ह्यो हाताला काय करतोय?"

"शीर कापतोय. वैद्य आहे."

मामा गप्प. मग म्हणाले, "दंडाला आवळून बांधल्याबिगर शीर वर यीत न्हाई. ते बघ, बांधलंय. शाणा हाय चित्रवाला."

माझं तिकडे लक्षच नव्हतं. दीड महिना ते चित्र मोठं करकरून बघतेय.

लुंगी वर खोचून मामा घंगाळात उभे राहिले. बरोबर बावीस मिनिटं. "ड्रायव्हरला हुबं ऱ्हायची सवय नसती," म्हणत उतरले, मग चहा, मग पुन्हा अठरा मिनिटं. मी रंगवलं काहीच नाही, नुसती रेघांची टिपणं. उजेड खिडकीतून एका बाजूने. बघितलेल्या गोष्टी इथे नोंदवते:

छातीची हाडं जिथे कातडीला भिडतात तिथे रंग पिवळट. पोटावर, सावलीकडे वळताना, आधी एक गार करडी पट्टी येते आणि मग ऊबदार तपकिरी. गुडघे, कोपर, कान, बोटांची टोकं लाल. सावलीत, काखेजवळ, जिथे कातडीवर कातडी येते तिथे चक्क शेंदरी. प्लास्टरमध्ये यातलं काहीच नसतं, तिथे फक्त पांढऱ्याचा काळा होत जातो.

मी ती गार पट्टी काळा आणि पांढरा मिसळून काढली होती. तिथेच मेला होता माझा सेनेका.

२ ऑगस्ट

आजचा दिवस लक्षात राहील.

चुलीचा धूर काळ्या भिंतीपुढे निळसर दिसतो आणि उजळ आभाळापुढे तोच तपकिरी. धुरात निळा रंग नसतो. फिकट, अर्धपारदर्शक थर गडद गोष्टीवर आला की तो गार दिसतो. मामांच्या हातावरच्या शिरा निळ्या दिसतात त्याही याच जातीच्या: आतलं रक्त काळपट लाल, वरच्या कातडीने आपल्यापर्यंत निळं पोचतं.

रूबेन्स नेमकं हेच वापरतो. खाली तपकिरी सुकलेला असतो. उजेडाचा रंग जाड सुरू करायचा आणि सावलीकडे ओढत न्यायचा. जसजसा तो पातळ होतो, तसा खालचा तपकिरी त्यातून डोकावतो आणि मध्ये मोत्यासारखी करडी छटा आपोआप उगवते. करडा रंग पॅलेटवर काढायचाच नाही.

पोटावरची सगळी करडी पट्टी कापडाने आणि टर्पेंटाइनने पुसून काढली, खालचे फराटे परत दिसेपर्यंत. तीन दिवस वाळू दिलं होतं. आज फिक्या गुलाबी-पिवळ्याचा एक पातळ हात, कोरड्या ब्रशने ओढत नेला आणि सोडून दिला. बघते तर करडा आला! मी न लावलेला. मुलीला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "कुठेय?" तिला दाखवता येईना. एका जागी बोट ठेवलं तर तिथे नुसता गुलाबीच.

डॉक्टर मायर्नने रूबेन्सशी झालेलं बोलणं टिपून ठेवलंय. हा मायर्न इंग्लंडच्या राजाचा वैद्य, रंगांचा नादिष्ट. त्याच्या नोंदीत आहे की काम करताना ब्रश अधूनमधून टर्पेंटाइनमध्ये बुडवायचा, म्हणजे रंग वाहता राहतो. करून पाहिलं. फरक पडतो, ब्रश अडत नाही. डोकं मात्र दुखलं, खिडकी उघडी ठेवायला हवी.

१० ऑगस्ट

छाती आणि दंड झाले. मामांना दोनदा पुन्हा उभं केलं. पाय बाकी आहेत, आणि मला त्यांची घाई नाही.

१७ ऑगस्ट

डोकं. धडाला मामा चालले, डोक्याला चालले नाहीत. मोडका कान काढायचा मोह झाला होता, आवरला.

हे डोकं रूबेन्ससाठी नुसता नमुना नव्हता. त्याचा थोरला भाऊ फिलिप हा युस्टुस लिप्सियसचा लाडका शिष्य. लिप्सियस म्हणजे लुव्हेनचा तो पंडित, ज्याने सेनेकाचं समग्र लेखन संपादित केलं. १६०५ साली अँटवर्पच्या प्लान्टिन-मोरेटस छापखान्याने ते काढलं. पुढच्याच वर्षी लिप्सियस गेला. १६११मध्ये फिलिप गेला, वय अडतीसच्या आत. त्या सुमाराला रूबेन्सने एक चित्र केलं, आज फ्लॉरेन्सच्या पिट्टी राजवाड्यात आहे: टेबलाभोवती लिप्सियस, फिलिप, आणखी एक शिष्य, मागे उभा स्वतः रूबेन्स, आणि वर कोनाड्यात हेच डोकं. शेजारी पेल्यात चार ट्युलिप, दोन उमललेले, दोन मिटलेले. चौघांपैकी कोण जिवंत आणि कोण नाही याचा तो हिशोब. त्यानंतर लगेच हे सेनेकाचं मरण. १६१५ साली लिप्सियसच्या सेनेकाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा त्यात रूबेन्सच्या रेखाटनांवरून केलेली हे डोकं आणि तो पात्रातला पुतळा, दोन्ही खोदचित्रं घातली.

त्याच छापखान्याचं बहुभाषी बायबल १५८० साली गोव्याहून गेलेल्या जेझुइटांनी फत्तेपूर सिक्रीला अकबरापुढे ठेवलं होतं. तेव्हा रूबेन्स तीन वर्षांचाही नव्हता.

डोळे राहिलेत. आज नाही.

२४ ऑगस्ट

गणपती तीन दिवसांवर. मुलीला घेऊन कुंभार गल्लीत मूर्ती ठरवायला गेले. सगळं रंगकाम पोरं करतात, डोळ्यांची आखणी मात्र एकच म्हातारा माणूस करतो. श्वास धरून एका दमात वरची पापणी. मी उभी राहून चाळीसेक मूर्ती पाहिल्या. पोरगी कंटाळली.

घरी येऊन रात्री सेनेकाचे डोळे केले. रूबेन्सने खालच्या पापणीच्या कडेला फिक्या रंगाची एक ओली रेघ ठेवली आहे, पाणी साठल्यासारखी, आणि पापणीची आतली कड लाल. पुतळ्याच्या डोळ्यांत हे असूच शकत नाही. तीन केसांच्या ब्रशने दोन ठिपके. डावा बरोबर बसला. उजवा तीनदा पुसला.

१४ सप्टेंबर

सहामाहीचे पेपर, दोन आठवडे काही नाही.

२१ सप्टेंबर

पाय, आणि पात्र. मूळ चित्र बाजूला ठेवून पात्रासाठी आमचं घंगाळ समोर ठेवलं, कारण धातूत पायाचं प्रतिबिंब कसं वाकतं ते फोटोत धड कळत नाही. काठाच्या आतल्या बाजूला पोटरीचा लालसर डाग पडतो आणि त्याच्याखाली खिडकीची पांढरी चीर. हे काढताना पहिल्यांदा मजा आली. तांबं तसंच काढलं असतं तर चित्र लग्नघरातलं वाटलं असतं, म्हणून ते दाबून मंद केलं.

५ ऑक्टोबर

रक्त सगळ्यांत शेवटी. अपारदर्शक लाल लावला तर कुंकू दिसतं. आधी फिकी बारीक रेघ, सुकल्यावर त्यावर गडद पारदर्शक लाल, तेलात. वरून खाली येताना धार जाड होत नाही, तुटक होते. टॅसिटसचं ते वाक्य, रक्त वाहीना, रूबेन्सने बहुधा इथे ठेवलंय: छाती एवढी भरलेली आणि धार एवढीशी.

'व्हिर' ची तीन अक्षरंही झाली. लेखनिकाचा अंगठा बिघडलाय, बटाट्यासारखा. राहू दे.

१६ ऑक्टोबर

मामा आले. चित्र पाहिलं. स्वतःची छाती ओळखली की नाही ते बोलले नाहीत. वैद्याने आवळलेल्या दंडापाशी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "गाठ चुकली. अशी गाठ सुटंल." मूळ चित्र मोबाईलवर काढून दोघांनी ताडून पाहिलं. चुकलीच होती. फडक्याचं टोक मी वरून नेलंय, ते खालून हवं. ओला रंग नाही, आता खरवडून परत करावं लागेल. व्हार्निशला तसेही सहा महिने थांबायचंच आहे.

जाताना त्यांनी घंगाळ उचललं. ते त्यांच्याच घरचं, आजीच्या लग्नातलं. मी कधीकाळी मागून आणलं आणि माळ्यावर टाकलं होतं. आत काठाला अंबरचा एक डाग राहिलाय.

"चिंचंनं निघंल," मामा म्हणाले. "चार दिसांवर दिवाळी आली. पोरं पहिल्या अंघोळीला घंगाळच मागत्यात."